रात्री रिकाम्या चौकात सिग्नलला का थांबायचं?

अनघा_कर्वेरोड

नमस्कार मंडळी. मुलाला नुकतंच दुचाकीचं लायसन्स मिळालं. लर्निंगची परीक्षा, मग आरटीओच्या ट्रॅकवरची चाचणी, सगळं रीतसर दिलं, एजंटला पैसे चारले नाहीत. गाडी नीट चालवतो. हेल्मेट न सांगता घालतो, त्यासाठी मला कधी मागे लागावं लागलं नाही.

परवा क्लासहून उशिरा परतताना तो नळ स्टॉपच्या सिग्नलला लाल दिवा बघून थांबला. मागच्या दोघातिघांनी हॉर्न वाजवून त्याला नको नको केलं. एकाने बाजूने गाडी काढत शिवी दिली आणि लाल दिव्यातच निघून गेला. घरी आल्यावर हेल्मेट टेबलावर ठेवता ठेवता त्याने विचारलं, "आई, चौकात चिटपाखरू नव्हतं. पोलीस पण नव्हता. मी थांबलो कुणासाठी?"

मी म्हटलं, अरे, कॅमेरे असतात. तर म्हणाला, "म्हणजे कॅमेरा नसेल तिथे तोडला तर चालेल?"

त्याला मी "नियम आहे म्हणून" असं सांगू शकते, पण ते त्याला पटत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ते अपुरं वाटतं. सकाळी शाळेत मुलांना सोडायला येणारे आईबाप उलट दिशेने गाड्या घालतात, हे तो रोज बघतोच. इथे जी माणसं कुणी बघत नसतानाही नियम पाळतात, त्यांनी मनापासून सांगावं. का पाळता? खरं उत्तर हवंय, सुविचार नकोत.

पक्या_कोथरूड

ताई, माझं उत्तर दंड. बाकी सगळं नंतर.

१ सप्टेंबर २०१९ ला केंद्राचा सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला. लायसन्सशिवाय गाडी चालवली तर ५,००० रुपये, दारू पिऊन चालवली तर १०,००० पर्यंत. महाराष्ट्रात वाढीव दर लावायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्यानंतर आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये जे बदललं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मोबाईलवर फोटोसकट चलन यायला लागलं तशी माणसं झेब्राच्या मागे थांबायला लागली. आधी याच लोकांना दहा वर्षं प्रबोधन झालं होतं, उपयोग शून्य.

अडचण एकच. चलन भरायची घाई कुणाला नसते. लोक अदालत लागली की तडजोडीत कमी पैशांत मिटेल, म्हणून थांबून राहतात. आणि कॅमेरा कुठे आहे हे पाठ झालं की तेवढ्यापुरता ब्रेक लागतो. एक्स्प्रेसवेवर कॅमेऱ्याची कमान आली की सगळे शहाणे, कमान मागे पडली की परत सुसाट. म्हणूनच २०२४ पासून तिथे जी नवी यंत्रणा बसवली तिच्यात दोन कमानींमधला सरासरी वेगही काढतात. तिथे मात्र चालाखी चालत नाही. माझं म्हणणं, पकडले जाण्याची खात्री असेल तर सगळे पाळतात. मुलाला तेच सांगा.

घाटातला_चालक

अनघाताई, नमस्कार. मी एसटीत चालक होतो, चिपळूण आगाराला. आता निवृत्त आहे. नोकरीचा मोठा भाग कुंभार्ली घाटात गेला. कराड, पाटण, वरच्या गावांच्या मुक्कामी गाड्या. पक्यादादा म्हणतात त्यात तथ्य आहे, पण तुमच्या मुलाने जे विचारलं त्याला ते पुरत नाही. तो कॅमेरा नसलेल्या जागेचं विचारतोय. म्हणून मी तुम्हाला अशाच एका जागेचं सांगतो.

कुंभार्ली घाट म्हणजे खाली पोफळी आणि वर हेळवाक, कोयनानगर. जुलै-ऑगस्टात भर दुपारी दिवे लावून चालावं लागतं असं धुकं उतरतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, पावसात दगड खाली आलेला असतो तो वेगळाच. या घाटात वाहतूक पोलीस मी क्वचितच पाहिला. तरी एक नियम तिथे रात्री दोन वाजतासुद्धा पाळला जातो. चढणाऱ्या गाडीला पहिली वाट. रस्ता दोघांना पुरत नसेल तर उतरणाऱ्याने कडेला थांबायचं. हा नुसता चालकांचा रिवाज नाही. १९८९ च्या रस्ता नियमावलीत हे लिहिलेलं आहे, २०१७ च्या नव्या नियमावलीतही ते आहे. पण घाटात थांबणाऱ्या बहुतेकांनी ती नियमावली कधी हातात धरलेली नसते. मग थांबतात कशासाठी?

चिऱ्याने भरलेला ट्रक चढणीच्या वळणावर एकदा उभा राहिला की तो परत उचलणं काय असतं, ते जवळून बघावं लागतं. पहिला गिअर टाकायचा, हाफ क्लचवर इंजिन ओढायला लावायचं आणि ब्रेकवरचा पाय अगदी अंदाजाने सोडायचा. त्या क्षणाला गाडी हातभर मागे सरकते. क्लीनर आधीच खाली उडी मारून चाकामागे दगड धरून बसलेला असतो. मागे दुसरी गाडी चिकटलेली असेल तर तिच्या चालकाच्या पोटात गोळा येतो. क्लच प्लेट जळल्याचा वास आख्ख्या वळणावर पसरतो. उलट उतरणाऱ्याचं काय जातं? ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, मिनिटभर थांबला. त्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, कारण काल तोच भरलेली गाडी घेऊन चढत होता आणि परवा परत चढणार आहे. समोरच्याच्या दिव्याचा झोत वळणाच्या कड्यावर पडला की उतरणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. समोर कोण आहे, एसटी का खासगी, आपल्या गावचा का परका, हे नंतर कळतं. बाजूने जाताना चढणारा एक हात वर करतो. एवढंच.

आता त्याच घाटातला दुसरा नियम सांगतो, जो तीच माणसं तोडतात. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे आम्हाला शिकाऊ असतानाच वस्तादांनी बजावलं होतं. तरी न्यूट्रल करून गाडी सोडणारे मी भरपूर पाहिले. कारण उघड आहे. डिझेल वाचलेलं लगेच दिसतं. एसटीत त्याला केपीटीएल म्हणतात, दहा लिटरला किती किलोमीटर गेली ते. ट्रकवाल्याला तर वाचलेल्या डिझेलचे पैसेच सुटतात. आणि तोटा मात्र कित्येक खेपा दिसत नाही. ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर गुळगुळीत होतात, पेडल दाबलं तरी गाडी पूर्वीसारखी धरत नाही. त्यातून पहिला धडा मिळतो तो कधी कधी शेवटचाच असतो. म्हणून मला वाटतं, ज्या नियमाचं कारण चालकाला आत्ताच्या आत्ता चाकाखाली जाणवतं तो नियम तो पाळतो. ज्याचं कारण लांब कुठेतरी असतं तिथे तो नशिबावर जातो. अशा नियमांसाठी शिकवणारा माणूस लागतो. आमचे वस्ताद उतारावर गिअर लिव्हरवर स्वतःचा हात ठेवून बसायचे. बोलायचे नाहीत. न्यूट्रल पडूच द्यायचे नाहीत.

हाच ट्रकवाला घाट उतरून चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर येतो आणि तिथे बोनेट घुसवतो. घाटात थांबणारा हाच का, असा प्रश्न पडावा. माणूस तोच आहे. फरक असा की नाक्यावर जो थांबतो तो थांबूनच राहतो. त्याच्या मागून पाच जण पुढे निघतात. तुमच्या मुलाला शिवी देणारा त्याला परत कधी भेटणार नाही. घाटात दिलेली वाट परत मिळते, नाक्यावर ती मिळेल असा कुणाला भरवसा नाही. भरवसा गेला की नियम कागदावर राहतो.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पाट्या. मुंबई-गोवा महामार्गाचं काम किती वर्षं चाललंय ते कोकणातल्या प्रत्येकाला माहीत आहे. "काम चालू, वेग २०" अशी पाटी काम संपल्यावरही तिथेच उभी असते. पुढे जिथे खरोखर रस्ता तोडलेला आहे तिथे पाटी नसते, असला तर एखादा चुना मारलेला दगड असतो. चालक असल्या पाच पाट्या खोट्या बघतो, सहावी वाचत नाही. सहावी खरी निघाली तर दोष त्याचाच धरला जातो. नियम पाळले जावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी खोट्या पाट्या काढाव्यात. हे मी फार तळमळीने सांगतोय, कारण असल्या जागी मी माणसं गेलेली पाहिली आहेत.

आता तुमच्या मुलाचं. तो म्हणाला चौकात कुणी नव्हतं. कुणी नव्हतं हे त्याला कसं कळलं? मी मुलीकडे पुण्याला येतो तेव्हा नळ स्टॉपवरून जातो. वर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, खाली जाडजूड खांब. खांबाआडची दुचाकी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आडव्या रस्त्याने जो येतोय त्याला हिरवा दिवा आहे. रात्रीचा रस्ता मोकळा, म्हणून तो साठने येतोय. ताशी साठ म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो, गाडी थांबणं त्यानंतर. तो वेग कमी करत नाही, कारण त्याचा विश्वास आहे की लाल दिव्याला कुणीतरी थांबलेलं असणार. तो कुणीतरी म्हणजे तुमचा मुलगा. तो थांबला म्हणून हिरव्यातला माणूस घरी पोचला, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. मुलगा विचारतो, मी थांबलो कुणासाठी. त्याला सांगा, त्याच्यासाठी.

वकिली_शिकतेय

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्हाला हा विषय अभ्यासाला होता म्हणून थोडी भर घालते.

टॉम टायलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली शिकागोत १,५७५ लोकांना विचारलं होतं की तुम्ही रोजचे कायदे पाळता का आणि का पाळता. वेगात गाडी चालवणं, चुकीच्या जागी पार्किंग, दारू पिऊन चालवणं, असल्या गोष्टी होत्या त्यात. पकडले जाऊ या भीतीचा परिणाम त्यात बराच कमी निघाला. जास्त वजन दोन गोष्टींना होतं. एक, हे करणं मुळात वाईट आहे असं स्वतःला वाटतं का. दोन, कायदा राबवणारी माणसं न्यायाने वागतात असं वाटतं का. पोलिसाने अडवलं, पण नीट बोलला, कारण सांगितलं, सगळ्यांना एकच माप लावलं, तर दंड भरूनही माणूस कायद्याच्या बाजूने राहतो. काकांचा खोट्या पाट्यांचा मुद्दा मला याच्याच घरातला वाटतो.

पण पक्यादादांच्या बाजूनेही एक पुरावा आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी आलेल्या निरनिराळ्या देशांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना पार्किंगच्या दंडाची वसुली लागू होत नव्हती. १९९७ ते २००२ या काळात त्यांची दीड लाखांवर चलनं थकली. दोन अर्थतज्ज्ञांनी ती देशवार मांडली, तेव्हा दिसलं की ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त त्या देशांचे अधिकारी जास्त नियम मोडत होते, आणि काही देशांचे अधिकारी दंडाची भीती शून्य असतानाही जवळजवळ मोडतच नव्हते. इथपर्यंत काका बरोबर. पण २००२ च्या शेवटी शहराने थकबाकीदारांच्या खास नंबरप्लेटा काढून घ्यायला सुरुवात केली आणि नियम मोडणं जवळपास थांबलं. म्हणजे दोन्ही खरं आहे.

आपल्या आकड्यांकडे बघितलं तर मात्र वाद घालायची इच्छा राहत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत. हेल्मेटचं कारण तर प्रत्येकाला ठाऊक आहे ना, काका? मग ते का नाही पाळलं जात?

रायडर_घोडबंदर

मी ठाण्यात डिलिव्हरी करतो. इथे सगळे चांगले लोक बोलतायत, म्हणून दुसरी बाजू पण लिहितो.

मला ऑर्डरमागे पैसे मिळतात. ठरलेल्या ऑर्डरी झाल्या तर वरचा इन्सेंटिव्ह, एक कमी पडली तर तो पूर्ण गेला. घोडबंदर रोडवर दुकान डाव्या हाताला आणि गिऱ्हाईक शंभर पावलं मागे असेल, तर कायद्याने पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन यायचं. त्यात ऑर्डर उशिरा होते, रेटिंग पडतं, रेटिंग पडलं की पुढच्या ऑर्डरी कमी मिळतात. म्हणून आमची पोरं राँग साइडने येतात. हौस म्हणून कुणी येत नाही. समोरून टँकर येत असतो, सगळं दिसतं आम्हाला. कंपनी मेसेज पाठवते की सुरक्षित चालवा, आणि त्याच स्क्रीनवर वर घड्याळ उलटं पळत असतं. मी स्वतः सिग्नल तोडत नाही आणि राँग साइडला गाडी हाताने ढकलत नेतो. त्यामुळे महिन्याला माझी कमाई सोबतच्या पोरांपेक्षा कमी आहे, ते मी मान्य करून चाललोय. पण लग्न झालेल्या, घरभाडं भरणाऱ्या पोराला मी हे कोणत्या तोंडाने सांगू?

घाटातला_चालक

रायडर भाऊ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हे आधीच यायला हवं होतं.

मी इतकी वर्षं घाटात शांतपणे गाडी चालवू शकलो त्यात माझ्या स्वभावाचा भाग थोडा आणि पगाराचा भाग जास्त. एसटीची गाडी उशिरा पोचली तर वाहतूक नियंत्रक कारण विचारतो. घाटात दरड होती, ट्रक आडवा होता, असं सांगितलं की तो नोंद करतो. उशिरा आलास म्हणून त्या दिवसाचा पगार कापत नाहीत. जास्त माणसं भरली म्हणून माझ्या खिशात काही पडत नाही, तिकिटाचा हिशेब वाहकाकडे. म्हणून पुढे दुसरी गाडी दिसली तर तिला गाठायचं मला काही कारणच नव्हतं. आणि गाडीवर आगाराचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं. मी चुकीचं वागलो तर गावात कोणती गाडी, कोणता चालक, हे संध्याकाळपर्यंत कळणार. मागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली, त्यातली निम्मी ओळखीची, दहावीचा पेपर द्यायला निघालेली मुलगी पहिल्या सीटवर.

डंपरवाल्याला खेपेवर पैसे असतात. त्याच्या जागी मी असतो तर कसा वागलो असतो ते छातीठोकपणे सांगायची माझी तयारी नाही. ज्याची मजुरी घाईवर ठरते त्याला फक्त दंड करून भागणार नाही. घाई कुणी ठरवली त्याच्यापर्यंतही तो दंड पोचला पाहिजे. कंपनीने उलट्या घड्याळाऐवजी कायद्याच्या रस्त्याने जेवढं अंतर पडतं ते धरून वेळ द्यावा, आणि त्या लांबच्या यू-टर्नचे पैसे द्यावेत. हे हिशेबात बसवणं त्यांना अवघड नाही, प्रत्येक गाडी कुठे आहे हे त्यांच्या यंत्रात दिसतंच. तुम्ही गाडी ढकलत नेता हे वाचून मला तुमच्याबद्दल फार आदर वाटला. पण त्याची किंमत तुम्ही एकट्याने भरावी हे मला मान्य नाही.

वकील ताई, हेल्मेटचं विचारलंत. माझ्या मते हेल्मेट न्यूट्रलसारखं आहे. गरम होतं ते आत्ता, केस घामाने चिकटतात ते आत्ता, डोकं वाचायचं ते कधीतरी. शिवाय हेल्मेट घालून समोरच्याचं काही भलं होत नाही, त्यामुळे घाटासारखी परतफेड तिथे नाही. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्ती सुरू झाली तेव्हा लोक पगड्या घालून रस्त्यावर उतरले होते, सगळ्यांनी पाहिलं. मला तेव्हा वाईट वाटलं. सक्तीवर राग असू शकतो, पण ज्याच्या घरात डोक्याच्या मारामुळे माणूस अंथरुणाला खिळलाय त्याने ती मिरवणूक कशी पाहिली असेल? इथे मी पक्यादादांच्या बाजूला आहे. हेल्मेटला दंड हवा, रोज हवा, सगळ्यांना हवा. चार दिवस मोहीम आणि मग सहा महिने काही नाही, यातून लोक एवढंच शिकतात की मोहीम संपेपर्यंत थांबायचं.

नागपूरकर_ईशान्येत

मी केंद्र सरकारच्या नोकरीत, सध्या मिझोरममध्ये ऐझॉलला. घाटातल्या काकांचं वाचून राहवलं नाही.

हे शहर अख्खंच घाट आहे. उभ्या डोंगरावर घरं, अरुंद रस्ते, बऱ्याच ठिकाणी मध्ये दुभाजक नाही, नुसती पट्टी. संध्याकाळी ऑफिस सुटलं की गाड्यांची लांबच लांब रांग लागते. समोरून येणारी बाजू पूर्ण रिकामी असते तरी कुणी पट्टी ओलांडून पुढे काढत नाही. दुचाकीवाले त्यांच्या रांगेत. मागे बसलेल्याच्याही डोक्यावर हेल्मेट. हॉर्न जवळजवळ ऐकूच येत नाही. मी नागपूरचा माणूस, पहिल्या आठवड्यात मला वाटलं पुढे कुणी मोठा मंत्री चाललाय म्हणून सगळे असे वागतायत.

इथे दंड फार आहे अशातला भाग नाही. मोहल्ल्याला इथे वेंग म्हणतात, आणि प्रत्येक वेंगमध्ये यंग मिझो असोसिएशनची शाखा असते. कुणी वारलं तर कबर खणायला, दरड पडली तर माती उपसायला तीच मुलं येतात. रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला रविवारी चर्चमध्ये त्याच माणसांशेजारी बसायचं असतं. काका म्हणतात ती परतफेड ती हीच. फक्त घाटाएवढी नाही, अख्ख्या शहराएवढी. बाहेरून बदली होऊन आलेले आम्ही लोकही महिन्याभरात तसेच वागायला लागतो. कुणी सांगत नाही, पण एकट्यानेच पट्टी ओलांडायची हिंमत होत नाही.

पक्या_कोथरूड

नागपूरकर, पटलं. पण पुण्यात पन्नास लाखांच्या वर माणसं. रविवारी कोण कुणाच्या शेजारी बसतंय? मोठ्या शहरात ओळख नाही, म्हणून कॅमेरा. मी माझ्या मतावर आहे, फक्त काकांचं एक मान्य, की कॅमेरा सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. नंबरप्लेटवर फॅन्सी अक्षरं रंगवून किंवा प्लेट वाकवून फिरणाऱ्याला चलन जात नाही आणि सरळ प्लेटवाल्याला जातं, हे बंद झाल्याशिवाय लोक चलनाला न्याय मानणार नाहीत.

अनघा_कर्वेरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा पहिला प्रतिसाद मी मुलाला वाचायला दिला. त्याने पूर्ण वाचला, आणि खांबाआडच्या दुचाकीपाशी थांबून म्हणाला, "हे खरंय, मला डावीकडचं काहीच दिसत नव्हतं." हिरव्या दिव्यातल्या माणसाचं त्याला पटलंय.

आता त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो मलाही महत्त्वाचा वाटतो. थांबायचं हे ठरलं. पण मागचा थांबणार नाही असं वाटत असेल तर? रात्री मागून टेम्पो जोरात येतोय, हॉर्न देतोय, आणि हा लाल दिव्याला उभा. मागून धडक बसली तर? नियम पाळून जीव जायचा. काका, याला काय करायचं?

घाटातला_चालक

ताई, मुलगा नीट विचार करणारा आहे. ही भीती खोटी नाही. मागून ठोकर बसते, मी पाहिली आहे. त्यामुळे थांबण्याची पद्धत त्याने शिकून घ्यावी.

सिग्नल लांबून दिसला की आधी आरशात बघायचं. मागे कोण आहे, किती जवळ आहे, जड गाडी आहे का. दिवा पिवळा झाला की एकदम करकचून ब्रेक मारायचा नाही. लांबूनच ॲक्सिलरेटर सोडायचा आणि ब्रेक दोनतीनदा हलका दाबून सोडायचा, म्हणजे मागचा लाल दिवा लुकलुकतो आणि मागच्याला कळतं की हा थांबणार आहे. बहुतेक ठोकरी पुढचा जाईल असं मागच्याने गृहीत धरल्यामुळे बसतात. दुचाकीने लेनच्या मधोमध उभं राहायचं नाही, डाव्या बाजूला राहायचं, आणि पुढे निसटायला जागा ठेवायची. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, नजर आरशात. मागे दोन गाड्या थांबून स्थिर होईपर्यंत न्यूट्रल करू नये. टेम्पो थांबतच नाही असं दिसलं तर डावीकडे सरकून त्याला जाऊ द्यावं. त्याला अडवणं आपलं काम नाही. मागच्या ब्रेकचा दिवा लागतो का, हे आठवड्यातून एकदा भिंतीजवळ गाडी उभी करून तपासावं. बल्ब गेलेला असतो आणि महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही.

आणि काही चौकांत रात्री उशिरा सिग्नल बंद करून नुसता पिवळा लुकलुकत ठेवतात. तिथे थांबून राहायची गरज नाही. वेग कमी करायचा, दोन्हीकडे बघायचं आणि जायचं. लाल लुकलुकत असेल तर मात्र पूर्ण थांबायचं, बघायचं, मग जायचं. या दोन दिव्यांतला फरक लायसन्सवाल्या बऱ्याच जणांना सांगता येत नाही, त्याला नक्की सांगा. जमलं तर एकदा दिवसा त्याच्याबरोबर नळ स्टॉपला जा, सिग्नलला जिथे तो उभा होता तिथेच उभं राहून डावीकडे किती दिसतं ते त्याला स्वतःला मोजू द्या.